नागानोतील शाळेतले माझे पहिले वर्ष

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला येऊ इच्छिणारे महाराष्ट्रातील तरुण शिक्षक मला बहुधा पगार, व्हिसा आणि जपानी भाषा यांविषयी विचारतात. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु नागानो प्रांतातील एका लहान गावाच्या प्राथमिक शाळेत सहायक भाषाशिक्षिका म्हणून रुजू झाल्यावर माझे पहिले काही महिने ज्या गोष्टींनी व्यापून टाकले, त्या या प्रश्नांत येतच नाहीत. इथे राहायला मला शिकवले ते जेवणाच्या सुट्टीने, साफसफाईच्या वेळेने, शिक्षकांच्या खोलीने आणि गल्लीतल्या कचऱ्याच्या जागेने.

कागदपत्रांचे काम तुलनेने सरळ असते. रहिवासी ओळखपत्र मोठ्या विमानतळांवर उतरतानाच हाती मिळते आणि घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. घराच्या बाबतीत मात्र पैशांची तयारी ठेवावी, कारण अनामत रकमेखेरीज घरमालकाला द्यायची आणि कधीही परत न मिळणारी 'रेइकिन' नावाची रक्कम अनेक ठिकाणी आजही घेतली जाते. शिवाय भाड्याच्या घरात दिवे, पडदे आणि गॅसची शेगडीसुद्धा पुष्कळदा नसते.

परदेशी शिक्षकांना मोठ्या संख्येने बोलावण्याची 'जेट' ही सरकारी योजना १९८७ साली सुरू झाली आणि २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. त्यामुळे आता गावोगावच्या शाळांना असे शिक्षक लागतात. काहींची नेमणूक या योजनेतून होते, तर काहींची थेट नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाकडून. मात्र जपानी शिक्षक-परवाना नसलेल्या व्यक्तीकडे वर्गाची जबाबदारी नसते. ती वर्गशिक्षकाची असते आणि आपण त्याच्या जोडीने शिकवायचे असते. साठ-साठ मुलांचा वर्ग एकटीने सांभाळण्याची सवय असलेल्या मला ही दुय्यम भूमिका सुरुवातीला जड गेली. पण तासाबाहेरचा दिवस जसजसा उलगडत गेला, तसतसे माझ्या लक्षात आले की इथल्या शाळेत तास हा दिवसाचा केवळ एक भाग आहे आणि उरलेल्या भागात मला दुय्यम असे कोणीच मानत नाही.

त्यातला सर्वांत मोठा भाग दुपारच्या जेवणाचा. शालेय भोजनाचा कायदा १९५४ सालचा आहे आणि जेवण हा इथे शिक्षणाचाच भाग समजला जातो. पाळीवर असलेली मुले पांढरा अंगरखा आणि टोपी घालून मोठी भांडी वर्गात आणतात, स्वतः वाढतात, आणि शिक्षक त्याच वर्गात, मुलांच्या बाकांशेजारी बसून तेच अन्न जेवतो. मुलांच्या ताटात अन्न जाण्याआधी किमान अर्धा तास मुख्याध्यापक ते चाखून पाहतात. महिन्याचा तक्ता आधीच घरोघरी जातो आणि त्यात प्रत्येक पदार्थातील घटक लाल, पिवळ्या आणि हिरव्या गटांत मांडलेले असतात: शरीर घडवणारे, ऊर्जा देणारे आणि प्रकृती सांभाळणारे.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा इथे होते. वरकरणी निव्वळ भाज्यांचे वाटणारे सूप किंवा उकडलेला पालकसुद्धा बहुधा 'दाशी' नावाच्या अर्कात केलेला असतो आणि तो अर्क सुकवलेल्या बोनिटो माशाचा असू शकतो. म्हणून केवळ 'मी मांस खात नाही' एवढे सांगून भागत नाही; मासे आणि माशाचा अर्क यांचाही उल्लेख करून आपण काय खातो हे रुजू होण्यापूर्वीच शाळेला लेखी कळवावे आणि डबा आणण्याची परवानगी घ्यावी. मी तसे केले. डबा वेगळा असला तरी तो वर्गातच, मुलांबरोबर बसून खाण्याचा आग्रह मात्र मी सोडला नाही, आणि माझ्या मते तो निर्णय फार महत्त्वाचा ठरला. थालीपीठ कशाचे असते, बटाट्याची भाजी पिवळी का दिसते, भारतात रोज करी-राईसच खातात का, या प्रश्नांतून मुलांनी माझ्याशी जेवढी भाषा वापरली तेवढी ती तासात कधीच वापरत नव्हती. भाताचे मात्र मला काहीच परके वाटले नाही. इंद्रायणीच्या मऊ, चिकट भातावर वाढलेल्या माणसाला जपानी भात लगेच आपलासा वाटतो.

साफसफाईची वेळ वीस मिनिटांच्या आसपास असते. नागानोतील अनेक शाळांप्रमाणे आमच्याही शाळेत ती पूर्ण मौन पाळून केली जाते. सहावीतली मुले पहिलीतल्या मुलांना फडके पिळायला शिकवतात आणि शिक्षकही गुडघे टेकून फरशी पुसतात. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुले वर्ग झाडतात, अंगण स्वच्छ करतात, हे मी पाहिले आहे. तरीही गुरुजी उभे राहून देखरेख करतात आणि स्वच्छतागृहाचे काम कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न जातीपासून वेगळा काढता येत नाही. इथे मुख्याध्यापकांना मुलांच्या बरोबरीने फडके मारताना पाहून मला जे वाटले ते कौतुकापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे होते. ती अस्वस्थता माझ्या कामाची होती, म्हणून मी ती झटकली नाही.

घरी आल्यावर हीच शिस्त गल्लीत भेटते. जळणारा कचरा, प्लास्टिक, काच, डबे यांचे वार ठरलेले असतात. नगरपालिकेची ठरावीक पिशवीच वापरावी लागते आणि काही गावांत, आमच्याही गावात, तीवर नाव लिहावे लागते. हिवाळ्यात आपल्या दारासमोरचे बर्फ ज्याने त्याने सकाळीच बाजूला करायचे असते. भूकंपाच्या वेळी शाळेची व्यायामशाळा हेच साऱ्या वस्तीचे आश्रयस्थान असते, त्यामुळे शाळेतला सराव शाळेपुरता राहत नाही. ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, मागे फिरायचे नाही, हे चार नियम पहिलीच्या मुलांनी माझ्याकडून पाठ करून घेतले.

टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि तिथल्या स्थानिक सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. निशी-कासाईतल्या दुकानांतून माझी तूरडाळ टपालाने येते. परंतु डोंगरातल्या गावात आपले माणूस शोधत बसण्यात अर्थ नसतो. इथे शेजारच्या आजींनाच आपले मानावे लागते. वस्तीची सूचनांची फळी घरोघरी फिरत माझ्याकडे आली की मी ती घेऊन त्यांच्याकडे जाते आणि त्या एकेक ओळ सावकाश वाचून दाखवतात.

मार्चअखेर शिक्षकांच्या बदल्या होतात आणि शाळेतील ओळखीचे अनेक चेहरे एकदम निघून जातात, याची कल्पना नव्याने येणाऱ्याने आधीच करून ठेवावी. मला सांभाळून घेणारे वर्गशिक्षक असेच गेले. एप्रिलमध्ये त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी जेवणाच्या पाळ्या, साफसफाईचे गट आणि डब्याची माझी व्यवस्था यांबद्दल मलाच विचारले, आणि अडखळत्या जपानीत का होईना, मी त्यांना ते सारे सांगू शकले.