सील नवं, तरी पंप गळतोच: दोष शाफ्टचा होता

"शाफ्ट सुटा मिळत नाही, अख्खा पंप घ्या." सुट्या भागांच्या दुकानातलं हे वाक्य आठवलं की अजून संताप होतो. 1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, हर्णैच्या बाकीच्या नौका बाहेर पडल्या आणि आमची पाण्याच्या गळक्या पंपातल्या एका छोट्याशा शाफ्टसाठी, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्यासाठी, अडकून पडली.

गळती कुठली हे शोधणं अवघड नव्हतं. आमच्या इंजिनाला पाण्याचे दोन पंप आहेत. एक आतलं कूलंट फिरवतो, दुसरा ते कूलंट थंड करायला समुद्राचं पाणी ओढतो. ठिबकणारं पाणी बोटांवर चोळलं. कूलंट असतं तर बुळबुळीत लागलं असतं. हे सुकल्यावर मिठाचा पांढरा थर राहिला. चाखून मात्र बघू नका, कूलंट विषारी असतं. मग पंप कोरडा पुसला, इंजिन चालू केलं आणि टॉर्च धरून बसलो. थेंब झाकणातून नव्हता, नळीच्या क्लिपमधूनही नव्हता. पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं, तिथून येत होता.

पंपात शाफ्टभोवती दोन सील, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्या असतात, एक पाणी अडवतं, दुसरं इंजिनाचं ऑइल. भोक त्या दोघांच्या मधे असतं. पाणी आलं तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल आलं तर इंजिनाकडचं. "भोक एम-सीलने बुजवा आणि सीझन काढा," असं सांगणारे धक्क्यावर भेटतात. अजिबात ऐकू नका. बाहेरची वाट बंद झाली की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि आमच्यासारखा गिअरवर चालणारा पंप असेल तर पुढे इंजिनाच्या ऑइलमध्ये. ऑइल दुधाळ झालं की अख्खं इंजिन धोक्यात.

मिस्त्रींनी सील बदललं. थोडा वेळ कोरडं, मग पुन्हा टपटप. सील डुप्लिकेट असेल म्हणून दुसरं आणलं, तेही गळलं. मला काही ते पटेना. पंप पुन्हा उतरवायला लावला, शाफ्ट चिंधीने पुसला आणि त्यावरून नख फिरवलं. सीलची कड जिथे घासते तिथे नख अडकलं. चर पडला होता! कडेखाली वाळू आणि मीठ अडकून शाफ्ट झिजत जातो. त्या चरावर कितीही भारी सील बसवा, पाणी वाट काढणारच.

आणि इथून सुरू झाली खरी रखडपट्टी. दुकानात आधी "उद्या फोन करा", मग "वरून विचारतो", मग पुन्हा उद्या. बर्फ, डिझेल, खलाशी सगळं तयार, आणि समोरून माशांनी भरलेल्या नौका परत येताना बघायच्या. शेवटी उत्तर काय, तर अख्खा पंप घ्या. पंपाची बॉडी ठणठणीत, झाकणावर ओरखडा नाही, इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, नवाकोरा. कशासाठी घ्यायचा?

चिपळूणला एका लेथवाल्याकडे जुना शाफ्ट नमुन्याला नेला. त्याने 316 स्टेनलेस स्टीलमधून तसाच नवा काढला, सीलच्या जागी आरशासारखं पॉलिश केलं आणि टोकाची धार मोडली, म्हणजे सील चढवताना कड कापली जाणार नाही. शाफ्टवर चावी (लोखंडी पाचर) बसते त्या खाचेवर टेप गुंडाळूनच सील सरकवा. चर हलका असेल तर त्यावर स्टीलची पातळ स्लीव्हही चढवता येते. आमचा खोल होता.

सील घेताना त्यावरचा आकडा बघा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, उदाहरणार्थ 20-35-7. पण आकडा जुळला की झालं असं नाही. आतली स्प्रिंग स्टेनलेसची हवी, साधी खाऱ्या पाण्यात गंजते. पाणी अडवणाऱ्या सीलची स्प्रिंग पाण्याकडे तोंड करून बसवायची. आणि हो, पंपाला हात लावण्याआधी सी-कॉक, म्हणजे नौकेच्या तळाशी समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद करा, नाहीतर समुद्र थेट नौकेत.

नवा शाफ्ट, दोन्ही सील, नवे बेअरिंग बसवले आणि इंजिन चालवून बघितलं. भोकाखाली धरलेला कागद कोरडाच राहिला. त्याच रात्री निघालो, मला तर ओरडावंसं वाटत होतं.

पुढच्या बंदीत, 1 जूनला नौका वर घेतली की इम्पेलर काढून ठेवणार आहे. दोन महिने दबून राहिला की त्याच्या रबरी पात्या वाकड्याच राहतात. परत बसवताना ग्लिसरीन लावायचं, ग्रीस नाही.