चर्चगेट ते विरार, एकच गज

"अरे, हा माणूस प्रत्येक सुराला गज उचलतोय. त्याला सांग, हातात व्हायोलिन आहे, टाइपरायटर नाही."

मी काकांना काय सांगणार? वाजवणारा माणूस नव्हताच. लॅपटॉपमधली सॅम्पल लायब्ररी होती, म्हणजे खऱ्या वाद्यांचे एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेला संग्रह, आणि ती विकत घेताना मी माझ्या ऐपतीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले होते.

काका आमच्या गिरगावातल्या चाळीत वरच्या मजल्यावर राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर्सनी मुंबईच्या स्टुडिओंत पाच रेघांचं नोटेशन रुळवलं, त्याच वातावरणात ते तयार झाले. त्यामुळे मी छापलेला पार्ट ते पेपर वाचावा तसा वाचतात. मित्राच्या नाटकाचं पार्श्वसंगीत माझ्याकडे आलं होतं. चार वादकांनाही द्यायला पैसे नव्हते. तेव्हा ठरलं असं की वरची ओळ काका वाजवतील आणि बाकीचा ताफा लॅपटॉपमधून येईल. म्हणजे नुसता नमुना ऐकवून भागणार नव्हतं, तोच आवाज प्रेक्षकांना ऐकू जाणार होता.

माझं लिखाण पूर्वी फिनाले या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं. त्याचं पुढचं काम कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं, तेव्हा मी डोरिको या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आलो. सवय बदलायला दोन महिने गेले, त्याबद्दल नंतर कधीतरी.

टाइपरायटरचं कारण शोधायला बसलो तेव्हा आधी लेगाटो, म्हणजे सूर न तोडता एकमेकांना जोडून वाजवणं, नेमकं कसं होतं हेच नीट समजून घ्यावं लागलं. पेटीवर मींड येत नाही, कारण दोन सुरांमधली जागाच पेटीत नसते. साध्या सॅम्पलचंही तसंच. सा वेगळा रेकॉर्ड केलेला, रे वेगळा. एकापाठोपाठ एक लावले की प्रत्येक सुराची सुरुवात नव्याने कानावर येते. या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीवाल्यांनी एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा क्षणच रेकॉर्ड करून ठेवला आणि तिथून हे सगळं पालटलं. हिशेब करून बघा: एका सुरापासून सप्तकापर्यंत वर जाण्याचे १२ मार्ग, खाली येण्याचे १२. असे प्रत्येक सुराचे २४, आणि शिवाय हळू-जोरात वाजवण्याचे थर वेगळे. लायब्ररी एवढी जड का, याचं उत्तर यातच आहे.

एवढं सगळं लायब्ररीत असूनही ते वाजत का नव्हतं? कारण तिला लेगाटो एकाच खुणेवरून कळतो: पहिला सूर सुटायच्या आत दुसरा दाबला गेला का? नोटेशनचं सॉफ्टवेअर मात्र सुटे सूर मुद्दाम थोडे आखूड वाजवतं, नाहीतर सगळंच एकमेकांना चिकटेल. माझ्या एक्सप्रेशन मॅपमध्ये, म्हणजे कागदावरची कुठली खूण लायब्ररीकडून कशी वाजवून घ्यायची ते सांगणाऱ्या यादीत, स्लरखालच्या (सूर जोडून वाजवायला सांगणाऱ्या कमानीखालच्या) सुरांनाही तीच आखूड लांबी लागू होती. कागदावर सुंदर कमान, आणि आत प्रत्येक सुरापुढे फट. मी स्लरखालची लांबी १०५ टक्के केली, तेव्हा पहिल्यांदा सूर एकमेकांत मिसळले. रात्रीचा एक वाजला होता. हेडफोन काढून मोठ्याने ऐकायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

फक्त कमानीचा शेवटचा सूर सुटा पडत होता. मी साध्या सुरांसाठी लायब्ररीतला एक पॅच (वाजवण्याच्या एका तऱ्हेचा संच) आणि लेगाटोसाठी दुसरा ठेवला होता. शेवटच्या सुराला मॅप साध्या पॅचवर उडी मारत होता, आणि जोड तर येणाऱ्या सुरावर वाजतो! शेवटी दोन्हींसाठी एकच लेगाटो पॅच ठेवला आणि जोडायचं की तोडायचं ते लांबीवर सोडलं. हा पॅच एका वेळी एकच सूर वाजवतो. दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीत मी जिथे दोन-दोन सूर लिहिले होते तिथला एक गुपचूप गिळला जात होता. ते सूर दोन वेगळ्या ओळींत वाटून टाकले.

आवाजाच्या चढ-उताराचं लवकर मिटलं. लांब सुरांची तीव्रता या लायब्ररीत कीबोर्डच्या मॉड्युलेशन व्हीलवर (सॉफ्टवेअरच्या भाषेत सीसी १) चालते आणि माझा मॅप ती व्हेलॉसिटीने, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्या आकड्याने, पाठवत होता. मॅपमधली एक निवड बदलली, झालं.

पण व्हेलॉसिटीने जाता जाता एक गंमत केलीच. नाटकात आई पत्र वाचते, तिथे मी अतिशय हळुवार तुकडा लिहिला होता. ऐकतो तर व्हायोलिन्स सुरावरून सुरावर घसरत निघालेली, जणू कुणी मींड घेतंय. दिग्दर्शक मित्र म्हणाला, "हे कसलं भारी केलंयस तू!" मी काहीच केलं नव्हतं. लेगाटो पॅचमध्ये व्हेलॉसिटीने आवाज वाढत नाही, जोड किती वेगाने घ्यायचा ते ठरतं, आणि अगदी कमी आकडा दिला की घसरणी लागते. हळू वाजवायचं म्हणून खाली आलेला आकडा लायब्ररीने वेगळ्याच अर्थाने घेतला. डोरिकोच्या की एडिटरमध्ये, जिथे प्रत्येक सुराचं वाजणं वेगळं बदलता येतं, जाऊन ते आकडे हाताने वाढवले. मित्राच्या हट्टापायी पत्राच्या शेवटच्या ओळीला एक घसरण मात्र ठेवली, आणि खरं सांगायचं तर तिथे ती शोभते.

सगळ्यात छळलं ते उशिराने. संथ जोडाला वेळ लागतो. दुसरा सूर तुम्ही दाबता तेव्हा लायब्ररी आधी जाण्याचा प्रवास वाजवते, आणि सूर मुक्कामी पोचतो तोवर पाव सेकंद उलटलेला असतो. पाव सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो. लय ६० असेल तर तो पाव ठोका होतो, १२० असेल तर अर्धा ठोका. पियानो जागेवर, पिझिकाटो (बोटाने छेडलेले सूर) जागेवर आणि व्हायोलिन्स लोकल चुकल्यासारखी मागून धावत येतायत. सगळी ओळ आधी सरकवून भागत नाही, कारण कमानीतल्या पहिल्या सुराला जोड नसतो, तो जागेवरच हवा. छोट्या तुकड्यांत मी की एडिटरमधून नुसती वाजण्याची जागा थोडी आधी आणली, छापील सूर होता तिथेच राहतो. लांब तुकड्यांसाठी प्रत्येक ओळीचा ऑडिओ वेगळा काढून रीपर या ऑडिओ जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला, आणि लांब व तुटक सूर वेगळ्या ट्रॅकवर ठेवून फक्त लांबवाले आधी सरकवले. दोन रविवार यात गेले. नोटपरफॉर्मर हे नोटेशन वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर वाजवण्याआधी सुमारे एक सेकंद पुढचं वाचून घेतं म्हणून त्याला पुढचा सूर आधीच ठाऊक असतो, हे तेव्हा फार हेवा वाटून आठवलं. ज्यांना यातलं काहीच करायचं नसेल आणि खर्चही नको असेल त्यांनी म्यूझस्कोर ४ हे फुकट नोटेशन सॉफ्टवेअर आणि त्याच्या फुकट मिळणाऱ्या म्यूझ साउंड्सपासून सुरुवात करावी. मी आधी तेच करायला हवं होतं.

एवढं करून फाइल घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. काका डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "जमलंय. पण एवढा लांब गज कुठे मिळाला? चर्चगेटहून सुटला तो थेट विरारला थांबला."

मी सहा-सहा मापांची एकेक कमान टाकली होती. मला वाक्य जिथे संपतं तिथे कमान संपवायची सवय, गाणाऱ्यासारखी. व्हायोलिनवाल्याची कमान म्हणजे एका गजात काय काय वाजतं त्याचा हिशेब. लायब्ररीचा गज कधी संपत नाही, त्यामुळे तिने तक्रार केली नाही. कानाला मात्र कळतं की वाजवणाऱ्याने श्वासच घेतला नाही.

काकांनी खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्या चारही ओळींवर खुणा करत गेले. कुठे दोन मापं एका गजात, कुठे चारच सूर, आणि जोराच्या जागी प्रत्येकाला वेगळा गज. "जोरात हवं तर गज जास्त खर्च होतो, लहान कमानी टाक." मी त्याप्रमाणे स्लर तोडले. तोडलेल्या जागी आधी भोक पडलं, कारण सुट्या सुराची लांबी ९० टक्के होती. चांगल्या हाताचा गज बदलताना इतका ऐकू येत नाही. ती ९८ केली. मग कीबोर्डचं व्हील हाताने फिरवत, एकेका गजाला थोडं चढवत नि उतरवत, पुन्हा सगळं भरलं.

दादरच्या तालमीत काका पहिल्यांदा लॅपटॉपबरोबर वाजवायला बसले. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ते मध्येच थांबले आणि स्पीकरकडे गजाने बोट दाखवल्यासारखं करून मला म्हणाले, "हा तुझा दुसऱ्या ओळीचा, तो इथे अप-बोने सुरू करतोय. डाउन-बो हवा."

अप-बो म्हणजे टोकाकडून मुठीकडे येणारा गज, तो सहसा हळू सुरू होऊन वाढत जातो; डाउन-बो त्याच्या उलट. लायब्ररीला अप काय नि डाउन काय. तरी घरी येऊन बघितलं, तर त्या पहिल्या सुराला व्हील मी तळापासून वर आणलं होतं.