आमची वाटचाल : ओला मका, निळे ड्रम आणि वराहपालन

दसऱ्याच्या आसपास आमच्या येवला तालुक्यात मका काढणीला येतो आणि परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच येतो. ओल्या मक्याला व्यापारी कपात लावतात. वाळत घातला तर ताडपत्री ओढता-काढता माणसं दमतात, आणि एवढं करून बुरशी धरलीच तर तो दाणा डुकरांना चालत नाही. पिल्लांची वाढ खुंटते, माद्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात.

आमचं वराहपालन सुरू झालं ते हॉटेलच्या खरकट्यावर. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. हा रोग खरकट्यातल्या डुकराच्या मांसातूनही पसरतो आणि त्यावर औषध नाही, म्हणून खरकटं कायमचं बंद केलं. मग मका विकत घेणं आलं. पुढे इथेनॉलसाठी मागणी वाढली तसा तोही महागला.

गायींसाठी मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, इकडे सगळ्यांच्या ओळखीचा. पण धाटातला तंतू डुकराला नीट पचत नाही, म्हणून आम्ही नुसता दाणाच मुरवायला घेतला, आणि आता तो ड्रममध्ये भरून विकतोही. ब्राझीलच्या पाराना राज्यातले वराहपालक १९८० च्या दशकापासून हेच करत आलेत.

सगळं दाण्याच्या टोकावर ठरतं. कणीस मधोमध मोडायचं, दाणा उचकटायचा, टोक नखाने खरवडायचं. तिथे काळा ठिपका दिसला की दाणा भरला. मग ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास असतानाच मळणी, त्याच दिवशी भरडा, आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये जाड प्लास्टिकच्या पिशवीत थर देत धुम्मसाने ठोकायचं. हवा राहता कामा नये. मोठा खड्डा आम्ही मुद्दाम टाळला, कारण उघडा पडलेला मुरघास आपल्या उन्हात लगेच तापतो. ड्रम मात्र उघडला की लवकर संपतो.

महिन्याभराने झाकण काढलं की ताकासारखा आंबूस वास येतो. रंग पिवळाधमक, हात घातला तर गार. दारूचा वास आला किंवा दाणा गरम लागला, तर तो ड्रम आम्ही कुणालाही देत नाही.

आंबवल्याने दाण्यातला स्फुरद (फॉस्फरस) डुकराच्या अंगी जास्त लागतो. लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक मात्र मक्यात कमीच, त्यामुळे सोयाबीन पेंड सोडता येत नाही. नवे ग्राहक हमखास विचारतात ते वजनाचं. एक किलो कोरड्या मक्याच्या जागी साधारण सव्वा किलो मुरवलेला मका घाला, कारण यात पाणी जास्त असतं. कालवलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा.

आता शेजारच्या शेतकऱ्यांकडून आम्ही ओलाच मका घेतो. ओलावा त्यांच्यासमोर यंत्रावर मोजतो आणि कोरड्या वजनाच्या हिशेबाने भाव देतो. त्यांची वाळवण वाचते, पावसाची धास्ती जाते, याचं आम्हाला फार समाधान आहे. भरलेले ड्रम निफाड, वैजापूरकडच्या वराहपालकांना जातात. रिकामा ड्रम परत आला की अनामत परत देतो, पण दुसऱ्या फार्मवरून आलेला ड्रम फाटकाबाहेर धुऊन, जंतुनाशक मारून, उन्हात वाळल्याशिवाय आत घेत नाही.