बीटलची पुढची चाकं वळली!
आजची अख्खी दुपार फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या छोट्या मॉडेलच्या पुढच्या ॲक्सलवर, म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या भागावर गेली. खऱ्या गाडीच्या १/२४ मापाचं किट, त्यामुळे दोन्ही चाकं जोडणारा स्टीअरिंगचा आडवा दांडा जेमतेम काडेपेटीतल्या काडीएवढा.

खऱ्या जुन्या बीटलला पुढे एकावर एक अशा दोन आडव्या नळ्या असतात. त्यांच्या पोटात पोलादी पट्ट्यांचा जुडगा. चाक खड्ड्यात गेलं की पट्ट्या पिळल्या जातात, तीच स्प्रिंग. किटमध्येही त्या दोन नळ्या दिल्यात, हे बघूनच जीव सुखावला.

दांडा जोडताना गोंद फक्त पिनेच्या टोकाला लावायचा, तोही सुईने. तरी डावीकडे थेंब आत उतरलाच आणि चाक जाम! ब्लेडने हळूहळू सोडवलं, पिन पॉलिश पेपरने घासली, परत बसवली. पाऊण तास गेला.

मग एक चाक बोटाने ढकललं आणि दुसरं आपोआप वळलं. आतलं किंचित जास्त, कारण वळणावर त्याचं वर्तुळ लहान असतं. या रचनेचं पेटंट रुडॉल्फ ॲकरमन नावाच्या माणसाने १८१८ साली लंडनमध्ये घेतलं, तेही घोडागाडीसाठी!

बाबा चहा घेऊन आले, त्यांनीही दोनदा चाकं वळवून पाहिली. उद्या रंगकाम.