पंजाबी बोलणाऱ्यांना 'सिन्स' समजवायचा तर सुरुवात पंजाबीतूनच करा

"मैं दो घंटेआं तों उडीक रही हां." पंजाबीत हे वाक्य एकदम चोख आहे. त्याचं शब्दाला शब्द ठेवून इंग्लिश केलं की "आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स" होतं आणि परीक्षेत तिथेच मार्क जातात (हवं असतं "आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स"). आपल्याकडेही हेच होतं, कारण आपणही "दोन तासांपासून वाट बघतेय" असंच म्हणतो, म्हणजे त्यांचं 'तों' आणि आपलं 'पासून' इथे सख्खी भावंडं आहेत. म्हणून मला मनापासून वाटतं की पंजाबी मुलांना हा शब्द मराठी माणूस फार छान शिकवू शकतो, फक्त आधी त्यांचं वाक्य नीट कान देऊन ऐकायला हवं.

मी वानवडीत घरीच इंग्लिशच्या शिकवण्या घेते. आमच्या भागात आर्मीची कुटुंबं खूप, त्यामुळे पंजाबी सतत कानावर पडते आणि ऐकून ऐकून मलाही बरीच कळायला लागलीय. सध्या पंजाबातल्या बटाल्याकडची एक मुलगी येते, नवऱ्याची पोस्टिंग पुण्यात आहे आणि तिला आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जायला लागते ती इंग्लिशची परीक्षा, द्यायचीय (ते सगळे 'आइलेट्स' म्हणतात). स्पीकिंगची टेस्ट जेमतेम 11 ते 14 मिनिटांची असते, समोर माणूस बसून विचारतो की तुम्ही कुठे राहता, काय करता, आणि अशा उत्तरांत सिन्स आणि फॉर आल्याशिवाय राहतच नाहीत. मार्क चार गोष्टींवर मिळतात आणि त्यातली एक ग्रामर, म्हणून हे सोडून चालत नाही.

आता 'तों' ची गंमत बघा. "अमृतसर तों आया" म्हणजे अमृतसरहून आला, "मेरे तों वड्डा" म्हणजे माझ्यापेक्षा मोठा, "सोमवार तों" म्हणजे सोमवारपासून. आपल्याकडे हून, पेक्षा, पासून असे तीन वेगळे प्रत्यय आहेत तिथे पंजाबीत एकटं 'तों' सगळं सांभाळतं. त्यात सोमवार असो की दोन तास, दोन्हीला तेच लागतं, मग बिचाऱ्या मुलीने सिन्स कुठे आणि फॉर कुठे हे ओळखायचं कसं? 'पॉइंट ऑफ टाइम'ला सिन्स आणि 'पीरियड ऑफ टाइम'ला फॉर हे गाईडमधलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं पण बोलताना ते कोणालाच आठवत नाही.

पण पंजाबीत प्रश्न विचारताना हा फरक चक्क आहे! "कदों तों?" हा एक प्रश्न आणि "किन्ने चिर तों?" हा दुसरा. आपलं 'कधीपासून' आणि 'किती वेळ'. मी तिला एवढंच सांगितलं की मनात आधी प्रश्न विचार, उत्तर 'कदों तों' चं असेल तर सिन्स, 'किन्ने चिर तों' चं असेल तर फॉर. सोमवार, सकाळ, 2019, लहानपण हे सगळं कदों मध्ये जातं. दोन तास, पाच वर्षं, बराच वेळ हे सगळं चिर मध्ये. ती लगेच म्हणाली, "आंटी जी, ए तां सौखा ए", म्हणजे हे तर सोपंय. (बाय द वे, ती 'घंटा' म्हणते तेव्हा मला 'कंटा' ऐकू येतं, सुरुवातीचा घ त्यांच्याकडे क सारखा होतो आणि सूर खाली जातो, ऐकायला फार गोड वाटतं.)

एक जागा मात्र खरंच अवघड आहे, "पिछले दो सालां तों". यात 'मागचे' आलं की सगळ्यांना ती सुरुवात वाटते आणि "सिन्स लास्ट टू इयर्स" तोंडात येतं. इथेही प्रश्न किन्ने चिरचाच आहे, म्हणून "फॉर द लास्ट टू इयर्स". पण "सिन्स लास्ट इयर" बरोबर, कारण तिथे गेलं वर्ष ही सुरुवात आहे. हे मी तिच्याकडून खूपदा म्हणून घेतलं.

दुसरं म्हणजे क्रियापद. पंजाबीत "रह रही हां", मराठीत "राहतेय", दोन्हीकडे वर्तमानकाळ, इंग्लिशला मात्र तिथे "हॅव बीन लिव्हिंग" लागतं. तिच्या गावाजवळ घुमान आहे, तेच नामदेव महाराजांचं, तिथे 2015 साली मराठी साहित्य संमेलन झालं होतं आणि ते तिला आठवतं. तिने स्वतः वाक्य केलं, "आय ॲम नोइंग अबाउट मराठी सिन्स 2015". सिन्स अगदी जागेवर होता, फक्त 'हॅव नोन' करून घेतलं.

सगळ्यात भारी लग्नाचं वाक्य. "मेरे व्याह नूं दो साल हो गए" आणि "माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली", नूं च्या जागी ला ठेवा, वाक्य तेच! इंग्लिशमध्ये "इट हॅज बीन टू इयर्स सिन्स आय गॉट मॅरिड". 'हो गए' चं 'हॅज बीन' झालं आणि सिन्स लग्नाला चिकटला, कारण मोजणी लग्नापासून सुरू होते. आणि "मैं सवेर दी बैठी हां" हे ऐकून तर मी उडालेच, आपण "सकाळची बसलेय" म्हणतो ते हुबेहूब हेच.

सिन्सचा 'कारण' हा अर्थ तिला फारसा जड गेला नाही. "सिन्स इट वॉज रेनिंग" म्हणताना कारण आधी येतं आणि पंजाबीत 'इस करके' (आपलं 'म्हणून') च्या आधीही कारणच येतं, विषय संपला.

आता 'तक' घेतलंय. "सोमवार तक" म्हणजे बाय मंडे की टिल मंडे, कारण आपल्या 'पर्यंत' सारखंच त्यांचंही एकच. काम सोमवारपर्यंत द्यायचंय तर बाय, दुकान सोमवारपर्यंत बंद आहे तर टिल. यासाठी पंजाबीत एखादा असाच सोपा प्रश्न सापडतोय का ते आम्ही दोघी शोधतोय.