घर हलवणारी माणसं

लग्नात, बारशाला, सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा घेताना, कुठेही घर हलवण्याचा विषय निघाला की मला एक प्रश्न येतोच. "आता फोनवर बुकिंग केलं की बंद गाडी दारात येते, पोरं एकेक कप गुंडाळून खोक्यात भरतात. तरी तुम्हाला त्या जुन्या उघड्या टेम्पोंचं एवढं काय?" परवा आतेभावाने चार माणसांत पुन्हा विचारलं आणि वर म्हणाला, "तुझे वडील टेम्पोवाले होते ना, म्हणून." तर आता एकदा नीट सांगते.

हो, अण्णा टेम्पोवाले होते. आधी तीनचाकी हॅन्सीट, मग जोडीला चारचाकी मॅटाडोर. दोन्ही बजाज टेम्पोच्या गाड्या. हॅन्सीटला पुढे एकच चाक आणि इंजिनाची ओढही त्याच चाकावर. मागे वजन जास्त झालं आणि चढ लागला की पुढचं चाक हलकं पडायचं. म्हणून लोखंडी कपाट केबिनला भिडवून उभं करायचं, त्याला गोणपाट, मग पलंग, मग डबे, आणि गाद्या अगदी फाळक्याशी. हे सगळं अण्णा गिऱ्हाइकाच्या घरात उभे असतानाच मनात लावून टाकत. आदल्या दिवशी ते स्वतः जायचे, जिन्याची रुंदी वितीने मोजायचे, कपाटं बघायचे आणि विचारायचे, "देव कधी हलवणार?" त्यावरून वेळ ठरायची. भाडं वेगळं, हमाली वेगळी, दोन्ही तिथेच बोलून मोकळे. अमावास्येला गाडी उभी, आणि दसऱ्या-पाडव्याला एवढी बोलावणी की आईला जेवण पाठवायला माणूस मिळत नसे. देव आणि पाण्याचा कलश घेऊन त्या घरातली आजी केबिनमध्ये बसायची, तुळस तिच्या पायाशी. घरातला एखादा मुलगा टीव्ही मांडीवर घेऊन हौद्यात.

पुण्याच्या पेठांतले वाडे तेव्हा पडत होते आणि बिऱ्हाडं कोथरूड, धनकवडी, बिबवेवाडीकडे निघाली होती. माझ्या वयाच्या कितीतरी पुणेकरांचं पहिलं फ्लॅटमधलं पाऊल आमच्यासारख्यांच्या टेम्पोतून उतरलं आहे. हे अभिमानाने म्हणते, आणि का म्हणू नये?

पण तुम्ही ज्याला हळवेपणा म्हणता त्यात एक दिवस असा आहे जो मी कोणाला सांगत नाही. तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील.

1993 चा मे महिना. मी कॉलेजात होते. सुट्टीत अण्णांबरोबर जायचे, हिशेब लिहायला आणि काचसामान सांभाळायला. शनिवार पेठेतला एक वाडा, दुसरा मजला, लाकडी जिना. आमच्याकडे एक हमाल वर्षानुवर्षं होते, वेल्ह्याकडचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गिऱ्हाइकाने कपाट रिकामं केल्याचं सांगितलं होतं. अण्णांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं. मामांनी कपाटाला हात लावला आणि म्हणाले, "हे भरलेलं आहे." किल्ली सापडत नव्हती. खालच्या कप्प्यात पितळी भांडी होती, हे नंतर कळलं. मुहूर्त टळतोय म्हणून घाई चालली होती.

मामांनी दोराचा वेढा छातीवरून घेतला आणि खालची बाजू धरली, वर दोघं. मी मधल्या वळणावर कंदिलाच्या काचा घेऊन भिंतीला चिकटून उभी होते. चौथी की पाचवी पायरी मोडली. फार मोठा आवाज झाला नाही. मामा खाली बसले, पाय विचित्र वळलेला, कपाटाची कड कमरेवर. ते ओरडले नाहीत. "कपाट धरा," एवढंच म्हणाले. वरून गिऱ्हाईक विचारत होता, "आरसा फुटला का?" हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही. पण हेही खरं की त्याच घरातल्या बाईंनी कोणाला न विचारता आपली नवी गादी हौद्यात पसरली आणि मामांना त्यावर ठेवून आम्ही दवाखान्यात गेलो. ती गादी त्यांनी परत मागितली नाही.

कंबर कायमची गेली. पावसाळाभर मामा झोपून होते. अण्णांनी हॅन्सीट विकला आणि दवाखान्याचं बिल भरलं.

मामा पडले त्या रात्री मी अण्णांशी भांडले. कायद्याचा उल्लेख करून भांडले, कारण कॉलेजात तेच डोक्यात होतं. महाराष्ट्राचा माथाडी कायदा, म्हणजे हमालांच्या हक्कांचा कायदा, 1969 चा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आमच्याच पुण्यात हमालांसाठी आयुष्य घातलं. बाजारातल्या नोंदलेल्या हमालाला फंड आहे, भरपाई आहे. मामांचं नाव मात्र कुठल्याच माथाडी मंडळाच्या वहीत नव्हतं. रोज नवं घर, रोज नवं गिऱ्हाईक, त्यांची नोंद ठेवणार कोण? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच शिफारस केली होती की पुरुषाने 55 किलोच्या वर अंगावर उचलू नये. भरलेल्या कपाटाची एक बाजू ज्याने धरून बघितली असेल त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. मी म्हटलं, "ही गाडी विका, हा धंदा माणसं मोडतो." अण्णा म्हणाले, "विकतो. मग मामा काय करतील?"

मामा दिवाळीनंतर परत आले. केबिनमध्ये बसायचे, दोर कुठून कसा फिरवायचा ते सांगायचे, आणि अण्णा त्यांना हमालीतला पूर्वीइतकाच वाटा द्यायचे. मॅटाडोर बंद होईपर्यंत दिला.

बरीच वर्षं मी हा वाटा पुरावा म्हणून पुढे करत आले, की बघा, जुनी माणसं कशी होती. पण तेव्हाची ती कॉलेजातली मुलगी मला अजून अडवते. ती म्हणते, अण्णा चांगले निघाले म्हणून मामा तरले. दुसरा कोणी मालक असता तर? वाटा हा हक्क नव्हता, मर्जी होती. आणि माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी तिला एवढंच म्हणते की मर्जी का होईना, ती करणारा माणूस समोर होता. भाडं ठरवायला तोच, कपाटाला खांदा द्यायला तोच, आणि काही चुकलं तर मंडईत, देवळात, पुढच्या वर्षी गणपतीत भेटणाराही तोच. तिला हे पटत नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

2005 साली टाटांचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस ही छोटी मालगाडी, आली. मॅटाडोरची भाडी तिच्या आधीच घटली होती. छोट्या हत्तीबद्दल मला तक्रार नाही. तो गल्लीत वळतो, डिझेल कमी पितो, आणि कितीतरी पोरं त्याच्या जिवावर स्वतःच्या गाडीचे मालक झाली. मी यंत्रावर रुसलेली नाही, हे कृपा करून लक्षात घ्या.

मात्र "आता सगळं सुधारलं" हे मला मान्य नाही. मागच्या वर्षी भाचीने कोथरूडहून वाकडला घर हलवलं. बंद गाडी, टी-शर्ट घातलेली तीन मुलं, खोक्यांवर नंबर, सगळं नेटकं. नव्या सोसायटीत लिफ्टपाशी पाटी होती की सामानासाठी लिफ्ट वापरू नये, आणि सामानाची वेगळी लिफ्ट बंद होती. मुलांनी वॉशिंग मशीन पाठीवर घेऊन पाचवा मजला चढला. मी वॉचमनशी भांडले, सेक्रेटरींना फोन लावला, तोवर फ्रिजही वर गेला होता. भाची सारखी म्हणत होती, "मावशी, पैसे दिलेत ना आपण."

मी त्या मुलांना पाणी दिलं. पाठीला पट्टा का नाही विचारलं, तर एकजण हसला. दुसरा मुलगा फ्रिज खाली ठेवल्यापासून खांदा धरून बसला होता. मी पहिल्याला म्हटलं, याचं नाव काय, घर कुठे याचं, उद्या दुखणं वाढलं तर तू त्याच्या घरी कळवशील ना? तो म्हणाला, "मावशी, आम्ही आज सकाळीच भेटलो. मला याचं नाव माहीत नाही." मग त्याने मोबाइल पुढे केला आणि भाचीला स्टार द्यायला सांगितलं. भाचीने पाच दिले. गाडी पुढच्या घराला निघाली, खांदा धरलेला मुलगा मागे चढला.

आतेभावाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुझ्या मामांचं काय वेगळं झालं?" वेगळं झालं नाही, पाठ तीच मोडली. पण मामांच्या घरी त्या संध्याकाळी अण्णा स्वतः गेले होते, वेल्ह्यापर्यंत, मला बरोबर घेऊन. या मुलाच्या घरी कोण गेलं असेल, ते तुम्ही मला सांगा.