एकीच्या घरचं थकीत कर्ज आणि अकरा जणींची फाईल

बचत गटाला बँकेचं कर्ज कसं मिळवलं, हे शेजारच्या गावांतल्या बाया मला सारखं विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. गट ‘उमेद’ या सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातला, अकरा जणींचा. मी सचिव. बचत महिना शंभर रुपये. दीड वर्षात बचत, ‘उमेद’कडून मिळालेल्या फिरत्या निधीचे १५,००० आणि अंतर्गत कर्जाचं, म्हणजे गटातून आपल्याच जणींना दिलेल्या कर्जाचं, व्याज धरून गटाकडे ३७,५०० झाले होते. खातं उघडणं, प्रतवारी (गटाचा कारभार तपासून दर्जा ठरवणं), काहीच अडलं नाही. जून २०२३ मध्ये फाईल शाखेत दिली आणि तिथे ती चार महिने पडून राहिली.

पहिल्या दोन खेपांना ‘साहेब मीटिंगला गेलेत’. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. फाईलची दोरीसुद्धा सोडली नाही. म्हणाले, “तुमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय. हे होणार नाही.”

ती आमची वहिनी. त्यांची डाळिंबाची बाग आधी तेल्या रोगाने खाल्ली, उरलेली खोड पोखरणाऱ्या पिनहोल बोरर किडीने. आमच्या भागात अशा किती बागा उपटल्या गेल्या हे इथल्या कुणालाही विचारा. वहिनी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसली होती, तिने सगळं ऐकलं. एसटीत ती एक शब्द बोलली नाही. गावात उतरल्यावर पिशवीतून बचतीचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. “ताई, माझं नाव काढा. माझ्यापायी दहा जणींचं अडायला नको.”

त्या पुस्तकात अठरा महिन्यांच्या अठरा नोंदी होत्या. एकही उशिरा नाही. एका महिन्यात मजुरी मिळाली नाही तर तिने अंडी विकून शंभर रुपये भरले होते, ते मला माहीत होतं.

पुढच्या खेपेला साहेबांनीही तेच सुचवलं. “तिला कमी करा, तसा ठराव आणा, आठ दिवसांत करून देतो.” बैठकीत अर्ध्या जणी तयार झाल्या. त्यांना दोष देत नाही. प्रत्येक खेपेला दोघींची मजुरी बुडायची, वर एसटीचं भाडं. दोघी तर मायक्रोफायनान्सवाल्यांकडे वळायच्या बेतात होत्या. तिकडे पैसे लगेच मिळतात, पण व्याज वीस टक्क्यांच्या वर आणि वसुलीवाला ठरल्या वारी दारात उभा. मी मात्र अडून बसले. गट आम्ही अडलेल्या बाईसाठी काढला होता. अडली म्हणून तिलाच बाहेर काढायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

प्रभागसंघाच्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या गटांच्या संघाच्या, बैठकीत एका बँक सखीने (गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बाईने) वाट दाखवली. बचत गटांच्या कर्जाबद्दल रिझर्व्ह बँक सगळ्या बँकांना परिपत्रक काढते. त्यात स्पष्ट लिहिलंय की गट स्वतः थकबाकीदार नसेल, तर एखाद्या सदस्याच्या किंवा तिच्या घरच्यांच्या थकबाकीमुळे गटाचं कर्ज सहसा अडवू नये. फक्त, जी सदस्य स्वतः थकबाकीदार आहे तिला त्या कर्जातून पैसे देता येत नाहीत. आमची वहिनी तर स्वतः थकबाकीदारही नव्हती! पुतणीने मोबाईलवर परिपत्रक शोधलं, मला समजावून सांगितलं, तेवढं पान आम्ही छापून घेतलं.

तोवर मी सगळं तोंडी बोलत होते, ही माझी मोठी चूक. तुम्ही ती करू नका. मराठीत साधा अर्ज लिहिला: फाईल अमुक तारखेला दिली, कर्ज का अडलं ते लेखी कळवावं. सोबत परिपत्रकाचं पान. दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही मागितली. खिडकीवरचे म्हणाले, पोच कशाला? मी म्हटलं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला लागेल. (तक्रारीला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.) शिक्का बसला. तो निळा शिक्का मी एसटीत चार वेळा काढून पाहिला.

दहाव्या दिवशी फोन आला.

साहेबांनी मग दोन गोष्टी काढल्या, त्या मी तुम्हाला आधीच सांगायला हव्या होत्या. एक, वीस हजारांची ठेव ठेवा. ठेवू नका. गटाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, ठेवीची अट घालता येत नाही, बचत खातंही अडकवता येत नाही. दुसरं, पहिलं कर्ज आहे, पन्नास हजार घ्या. पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त ते मिळायला हवं. आमचं सहापट सव्वादोन लाख होत होतं, तेवढंच मंजूर झालं. तेव्हा, २०२३ मध्ये, महिला गटाला तीन लाखांपर्यंत व्याज सात टक्के होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर पैसे खात्यात आले. एकीने शेवयांचं मशीन घेतलं, दोघींनी शिलाई मशीन, एका काकींनी बांगड्यांचा माल भरला. वहिनीवरून पुन्हा वाद नको म्हणून तिला बँकेच्या पैशातून काही दिलं नाही. गटाच्या स्वतःच्या बचतीतून बारा हजार दिले, तसा ठराव लिहिला, अकरा सह्या घेतल्या. तिने दोन शेळ्या घेतल्या.

आणखी एक राहिलं. वही रोजच्या रोज लिहा, खाडाखोड नको. साहेबांनी शेवटी फाईल उघडली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ आमची अंतर्गत कर्जाची वहीच पाहिली.

हप्ता सात हजारांच्या आसपास बसतो, आजवर एकही चुकलेला नाही. भरायला आता वहिनी जाते. बाकड्यावर बसत नाही, थेट खिडकीवर जाते आणि पावतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलत नाही.